राखाडी झालेलं नाव

सुनीतीचं नाव राखाडी दिसलं तेव्हा कादंबरीला आधी वाटलं, उन्हामुळे मोबाइलवर नीट दिसत नाहीये. कामावरून घरी परतताना ती हावड्याहून बागबाजारला येणाऱ्या लाँचच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने मोबाइल ओढणीच्या सावलीत धरला. नाव राखाडीच होतं.

गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाची रीत साधी होती. गेम निवडायचा, ‘भेट द्या’वर बोट ठेवायचं, की आपल्या ओळखीच्यांची नावं समोर येतात. ज्याला द्यायचा त्याचं नाव निवडायचं, झालं. तिच्या चुलतभावाचं, ओंकारचं नाव ठळक काळं होतं. कॉलेजातल्या चौघांचीही काळी. सुनीतीचं तेवढं फिकं, आणि त्याच्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: ‘यांच्याकडे हा गेम आधीच आहे.’

कादंबरी हावड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. दोन राखाडींतला फरक ओळखणं हे तिचं पोटापाण्याचं काम. एका घाण्यातला रंग दुसऱ्या घाण्यातल्या रंगाशी जुळतो की नाही, हे ती यंत्रावर बघायची, पण यंत्राच्या आधी तिला डोळ्यांनी कळायचं. त्यामुळे हे राखाडी खरं आहे, हे मान्य करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

आणि गेमही असा तसा नव्हता. रविवारी सुनीतीचा वाढदिवस. त्यासाठी कादंबरी कित्येक दिवस शोधत होती. युद्धच युद्ध असलेले गेम तिने बाद केले, गोष्ट पातळ असलेले बाद केले, लोकांनी भरभरून कौतुक केलेले पण शेवटाला घसरणारे बाद केले. उरला तो ‘हॉलोफर्ड’. पूर आलेल्या नदीकाठची गावं, दोन प्रवासिणी, प्रत्येक निर्णय दोघींनी मिळून घ्यायचा. दोघींनी! हा गेम एकटीला खेळताच येत नव्हता. मग तो सुनीतीकडे आहे, तर दुसरी कोण?

उत्तर तिला माहीत होतं. बागबाजारच्या घाटावर उतरून सरळ गेलं, की डाव्या हाताच्या गल्लीत ते उत्तर राहत होतं. त्याचं नाव पौलोमी.

कादंबरी आणि सुनीती, दोघींचे वडील एकाच बँकेत. एकाच वर्षी दोघांची बदली कोलकात्याला झाली आणि शाळेच्या बसमध्ये मराठी बोलणाऱ्या या दोनच मुली. बसभर लोक असताना कुणाहीबद्दल काहीही बोलावं आणि कुणाला कळू नये, ही मजा ज्याने चाखली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. कादंबरीच्या घरी जुना कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांना भूमिका घेऊन खेळायच्या गेमचं वेड लागलं. आपण एक माणूस व्हायचं: कुणी योद्धा, कुणी धनुर्धर, कुणी वैद्य. मग त्या माणसाला घेऊन गोष्टीतून चालायचं, भांडायचं, शिकायचं, निर्णय घ्यायचे. सुनीती तलवार घेऊन पुढे. कादंबरी औषधांची पिशवी घेऊन मागे. गुहेच्या शेवटी जो अक्राळविक्राळ शत्रू बसलेला असे त्याला त्या ‘झोनल मॅनेजर’ म्हणत, कारण दोन्ही घरांत त्या पदाचा उच्चार झाला की वडिलांचा चेहरा पडायचा आणि टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा.

पुढे सुनीतीच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. आईवडील गेले, सुनीती सेक्टर फाइव्हमधल्या नोकरीसाठी मागे राहिली आणि तिने बागबाजारला पौलोमीच्या घरची वरची खोली भाड्याने घेतली. कादंबरी सॉल्ट लेकला, आपल्या घरी. खेळ मात्र चालू राहिला. दर शनिवारी दुपारी दोघी आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायच्या. अलीकडे शनिवार आखडले होते. ‘आज डोकं दुखतंय गं.’ ‘आज पौलोमीच्या मावशीकडे बोलावलंय.’ मध्यंतरी सुनीतीने त्या दुकानातलं आपलं खातंही झाकून टाकलं, म्हणजे ती काय खेळते ते कुणालाच दिसू नये. म्हणाली, ऑफिसातले लोक डोकावतात. कादंबरीने ते खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने काम सुरू केलं. खातं झाकलेलं असलं म्हणून काय झालं? भेट देताना दुकान खरं सांगतं. मग एकेक गेम घ्यायचा, ‘भेट द्या’ म्हणायचं, सुनीतीचं नाव काळं की राखाडी ते बघायचं आणि मागे फिरायचं. पैसे जात नाहीत, कुणाला कळत नाही. चाचणीत एक ठाम गोष्ट लागते म्हणून ओंकारच्या नावावर नजर. त्याच्याकडे फुटबॉलशिवाय काही नव्हतं, म्हणजे त्याचं नाव काळं राहिलं तर चाचणी बरोबर.

एकटीने खेळायचे गेम: काळं, काळं, काळं. चौघांनी खेळायचे: काळं. दोघींनी खेळायचे, पण कादंबरीबरोबर कधीच न खेळलेले: राखाडी. पुन्हा राखाडी. पुढचंही राखाडी.

पोळीचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. एवढे गेम एका दिवसात होत नाहीत. हा संसार होता, आणि तो तिच्या पाठीमागे थाटलेला होता.

घरी आल्यावर आईने, सुनंदाने, आणखी मीठ चोळलं. दर वर्षी सुनीतीचं औक्षण ती करायची. मुलीची आई नागपूरला, मग इथे कोण करणार?

“या वर्षी ती येत नाहीये म्हणाली,” आई म्हणाली. “पौलोमीची आई पायेश करणार आहे. खीरच ती. आपली खीर काय वाईट होती?”

“तुला बोलावलं का?”

“बोलावलं ना. पाहुणी म्हणून.” आईने पाहुणी शब्दावर असा जोर दिला, की कादंबरीला वाटलं, जळण्याचा हा गुण आपण काही कारखान्यात शिकलेलो नाही.

शुक्रवारी अर्धी सुट्टी घेऊन ती बागबाजारला गेली. सुनीती ऑफिसात असणार, हे ठाऊक असल्यामुळेच गेली. भेट काय द्यावी ते विचारायचं, असा बहाणा होता.

दार पौलोमीच्या वडिलांनी उघडलं. नाव सांगताच ते आनंदाने ओरडले, “आणखी एक बोर्गी! अगं, तुम्हा लुटारू मराठा स्वारांना अडवायला आमच्या लोकांनी खंदक खणला होता, इथूनच सुरू व्हायचा. बुजवला तीच चूक झाली बघ. आता तुम्ही भाडं देऊन आत येता!”

कादंबरी हसली. मनात म्हणाली, सुनीतीपुरता बुजवलात, माझ्यापुरता नुकताच खणलात.

पौलोमी मुलांना चित्रकला शिकवायची. बोटांना निळा रंग, केस पेन्सिलीने वर खोचलेले. ती कादंबरीला हाताला धरून थेट वरच्या खोलीत घेऊन गेली, जणू खोली तिचीच. तिथे टीव्हीसमोर एक बुटका सोफा होता आणि त्याच्या गादीवर शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते. कादंबरीच्या शनिवारला हेडफोन होता. इथे सोफा होता.

“तू कादंबरी! किती ऐकलंय तुझ्याबद्दल,” पौलोमी हिंदी-बंगालीच्या खिचडीत म्हणाली. “गेम देणार आहेस? मग मला विचारून घे हं. नाहीतर आहे तोच नेमका घेशील.”

“का? तिच्याकडे खूप आहेत?”

पौलोमीने जीभ चावली. “खूप म्हणजे... असतील दोनचार.”

“तिला पुढे जाऊन लढणारी माणसं आवडतात,” कादंबरी म्हणाली. पंधरा वर्षांच्या ओळखीचा सगळा भार तिने त्या वाक्यावर टाकला. “तलवार हवी तिला. लहानपणापासून.”

“सुनीतीला? तलवार?” पौलोमी खदखदून हसली. “अगं, ती कायम वैद्य! माझ्या मागे उभी. मी काही न बघता घुसते, मरते, ती मला उठवते. मी पुन्हा घुसते. परवा तर झोनल मॅनेजरने मला असं आपटलं—”

पुढचं कादंबरीने ऐकलं नाही. वैद्य. म्हणजे जी पिशवी आजवर कादंबरीच्या खांद्यावर होती ती सुनीतीने या मुलीसाठी आपल्या खांद्यावर घेतली होती. आणि झोनल मॅनेजर! जिच्या घराण्यात कुणी बँकेत पैसे भरण्यापलीकडे गेलं नसेल, तिच्या तोंडी तो शब्द! घरातलं भांडं शेजारणीकडे सापडावं आणि तिने त्यात बेधडक आमटी वाढावी, तसं कादंबरीला झालं.

“बरी आहेस ना?” पौलोमीने विचारलं. “चहा टाकू? तिघींनी मिळून खेळायचा एखादा बघ की. मजा येईल.”

“बघते,” कादंबरी म्हणाली.

तिने तो बघितला नाही. तिने ‘अंबरमियर’ बघितला. हा एकटीने खेळायचा गेम. अफाट मोठा, गुंतवून ठेवणारा, डोंगरातल्या एका निर्जन मठात एकच बाई आणि तिच्या आठवणी. संपायला महिने लागतात, असं खेळणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. एकदा सुनीती त्यात शिरली की सोफ्यावरचा एक खळगा आपोआप भरून येणार होता. माझ्याबरोबर नाही तर नाही, पौलोमीबरोबरही नको. गेम खरोखरच उत्तम होता, ही तिच्या मनाची पळवाट. तिने ‘भेट द्या’ म्हटलं. सुनीतीचं नाव काळं कुळकुळीत. तिने रविवारची तारीख घातली आणि पाठवून दिला.

रविवारी सकाळी आईने डब्यात निरांजन, कुंकू आणि सुपारी बांधून दिली. “पाहुणीकडून म्हणून सांग,” म्हणाली, आणि स्वतः आली नाही.

खाली पौलोमीच्या घरात पुऱ्या तळल्याचा वास सुटला होता. वर सुनीती नवी साडी सावरत कॉम्प्युटरसमोर बसली होती. कादंबरीला बघताच तिने गळामिठी मारली.

“कादू! भेट आलीये तुझी. तू आल्यावरच उघडायची म्हणून थांबले.” तिने उघडली. “अगंबाई, ‘अंबरमियर’! हा कधीपासून मनात होता माझ्या. पण हा एकटीचा ना?”

“हो. निवांत खेळ. कुणाची लुडबूड नको.” आणि कादंबरीच्याने राहवेना. काटेकोर कामाची सवय माणसाला कुठे गोत्यात आणेल सांगता येत नाही. “तुझ्याकडे नाहीये, त्याची मी खात्री करून घेतली.”

“ती कशी काय?” सुनीतीने खुर्ची वळवली. “माझं खातं तर झाकलेलं आहे.”

कादंबरीने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

“कादू, कशी?”

मग तिला सांगावं लागलं. भेट द्यायच्या पानावर नाव राखाडी होतं ते सांगितलं, ओंकारचं नाव कशासाठी धरलं तेही सांगितलं. सांगताना स्वतःलाच ऐकू येत होतं, की पद्धत निर्दोष आहे आणि आपण नाही.

“किती गेम लावून बघितलेस?”

“बरेच.”

“म्हणजे सगळं कळलं तुला. आणि मग एकटीचा निवडलास.” सुनीतीचा आवाज चढला नाही, उतरला. “मी तिच्याबरोबर खेळू नये म्हणून.”

“हो.”

“वा! शाब्बास! वाढदिवसाची भेट की नजरकैद?”

“तू लपवलंस!”

“तू असं करशील म्हणूनच लपवलं.”

“तू लपवलंस म्हणून मी असं केलं!”

खालून पुरी कढईत सोडल्याचा चुर्र आवाज आला.

“खेळ हवं तर तिच्याबरोबर,” कादंबरी म्हणाली. “पण वैद्य? माझ्यासाठी एकदा तरी झालीस वैद्य? मी मेले की नुसती हाका मारायचीस, ‘ऊठ गं कादू, ऊठ.’ तिला मात्र उठवतेस. आणि झोनल मॅनेजरसुद्धा दिलास तिला. आपला होता तो.”

सुनीतीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. “तू जागा सोडलीस का कधी? पहिल्या दिवशी पिशवी उचललीस ती उचललीस. मग तलवार कुणी धरायची? मला कंटाळा आला होता गं पुढे राहून. आईबाबा नागपूरला गेले तेव्हा घर शोधायला मीच पुढे, ऑफिसात मीच पुढे. निदान खेळात तरी कुणीतरी आधी जावं आणि मी मागून सांभाळावं, असं वाटायचं.”

“मग बोलायचंस.”

“बोलले होते. तू म्हणालीस, ‘नको, आपलं गणित बिघडेल. तू मारतेस जास्त, मी वाचवते जास्त.’ आकडे दाखवलेस मला, कादू. मी गप्प बसले.”

कादंबरीला आठवलं. तेव्हा आकडे बरोबर होते. आपण बरोबर होतो याचंच तिला समाधान वाटलं होतं आणि सुनीतीने का विचारलं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

सुनीतीने कॉम्प्युटरकडे वळून काहीतरी दाबलं. कादंबरीचा मोबाइल हातातच थरथरला. ‘सुनीती यांनी तुमची भेट नाकारली आहे.’ असंही करता येतं, हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या चाचण्यांत ही शक्यता तिने धरलीच नव्हती. भेट परत आली होती आणि सुनीतीची पाठ तिच्याकडे होती. आता उठून जायचं की काय, हे तिला कळेना. डब्यातलं निरांजन मांडीवर जड झालं.

“परत निवड,” सुनीती पाठमोरीच म्हणाली. “इथे बसून. माझ्यासमोर.”

“कसला?”

“ते तू ठरव. पण त्यात तू पुढे राहायचंस. आणि एक सांगून ठेवते, पौलोमी खाली राहते. संध्याकाळी ती वर येणार, आम्ही खेळणार. ते मी लपवणार नाही आणि बंदही करणार नाही. शनिवार तुझा. डोकं दुखलं तरी तुझा.”

शनिवार. पूर्वी सगळे वार तिचे होते, निदान तसं ती धरून चालली होती. सातांतला एक हातात आला, म्हणजे मिळालं की गेलं? तिने हिशोब करायला घेतला आणि पहिल्यांदाच अर्ध्यावर सोडून दिला. तिने मोबाइल उघडला. तिघींचा एक गेम समोर आला, पौलोमी म्हणाली होती तसाच, चांगलाही दिसत होता. कादंबरीने तो पुढे सरकवला. तेवढं मोठं मन तिच्यापाशी नव्हतं आणि उसनं आणायची तिची तयारी नव्हती. पुढे दोघींचा एक सापडला. जंगल, हरवलेले रस्ते, जुनी वैरं. ‘भेट द्या.’ सुनीतीचं नाव काळं.

सुनीतीने यावेळी भेट स्वीकारली. काही बोलली नाही, सोफ्याकडे हात केला.

कादंबरी डावीकडच्या खळग्यात बसली. तो तिच्या मापाचा नव्हता, दुसऱ्या कुणाच्या तरी बसण्याने घडलेला होता. ती हलून हलून त्यात सामावायला बघत होती, तोच पौलोमी पायेशच्या वाट्या घेऊन आली. सोफ्यावर कोण बसलंय ते बघून क्षणभर दारात थबकली. मग वाट्या टेबलावर ठेवून ती खाली चटईवर बसली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालेलं कादंबरीला दिसलं. ते दिसून बरं वाटलं, हेही तिने स्वतःपासून लपवलं नाही.

खेळ सुरू झाला. कादंबरीने आयुष्यात पहिल्यांदा तलवार निवडली. पहिल्याच वळणावर झाडीतून एक लांडगा आला, तिने तलवार हवेत फिरवली आणि ती मेली. पौलोमी मोठ्याने हसली. “अरे, ही तर माझ्याहून वाईट आहे!”

सुनीती धावत आली, गुडघ्यावर बसली, औषध पाजलं. कादंबरीची योद्धी धडपडत उभी राहिली. पाठीमागे कुणीतरी आपल्यासाठी उभं असणं कसं असतं, ते तिला आता कळलं. छातीत ऊब आली आणि त्या उबेच्या मागोमाग तोच जुना काटा आला.

“तिलाही एवढ्याच लवकर उठवतेस?” तिने मराठीत विचारलं, पौलोमीला कळू नये म्हणून.

“पुढे बघ,” सुनीती म्हणाली. “दुसरा येतोय.”